निळ्या पाकिटांचे अठरा दिवस

४ फेब्रुवारी

मुंगे,

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. आपलं घर तुला ठाऊक आहे. फोन बाहेरच्या खोलीत, आणि बाबा पलीकडच्या खुर्चीत बसून एकूण एक शब्द ऐकतात. त्यात विषय त्यांच्याच पोटाचा. शिवाय फोनवर तू घाईत असतेस. कागदाला तू मध्येच "ठेवते गं ताई" म्हणू शकत नाहीस.

पायाची जखम भरली. चपलेतून आरपार गेलेल्या त्या एवढ्याशा खिळ्यापायी तीन आठवडे अँटिबायोटिक, तेही दोन प्रकारचं. पाय बरा झाला आणि पोट गेलं. दिवसातून आठ-नऊ वेळा जावं लागतं. तुला आठवतं ना, घरी कोण नवीन आलं की बाबा सांगायचे, "चौतीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली, पण पोटासाठी गाडी एकदाही मध्ये थांबवली नाही"? आई कपाळाला हात लावायची. आता तेच बाबा संडासाच्या दारापासून चार पावलांवर खुर्ची टाकून बसतात. जिना उतरून खाली जाणं बंद. पेपरसुद्धा मीच वर आणते.

डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणतात, "आधी धाकटीला विचार. तिचं कामच पोटातलं आहे." मी रोज चादरी धुते ते काम कुठलं म्हणायचं, ते काही बोलले नाहीत.

लाँड्रीत सध्या लग्नाचे कोट आणि शाळांचे युनिफॉर्म एकदमच आलेत, मान मोडेपर्यंत इस्त्री. तरी तू सांगशील ते सगळं करीन.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

घाबरू नकोस. हे माझ्याच टेबलावरचं दुखणं आहे.

आपल्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. कोट्यवधी, हजारो प्रकारचे. त्यातले बरेच आपल्या उपयोगाचे. आपल्याला जे पचत नाही ते त्यांना पचतं, आणि ते खाऊन ते जे आम्ल तयार करतात त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. अँटिबायोटिक आलं की वाईटाबरोबर हे चांगलेही मरतात. मग रिकाम्या खोल्यांत दांडगे घुसतात. बाबांचं तेच झालंय.

यावर दोन उपाय. एक, चांगले जिवाणू जिवंत आणून सोडायचे, ते प्रोबायोटिक. दुसरा, त्यांचं खाणं पुरवायचं, म्हणजे आपल्याला न पचणारे तंतू, ते प्रीबायोटिक. बाबांना सांग, एकात प्रवासी आहेत आणि दुसऱ्यात त्यांचा जेवणाचा डबा. लगेच कळेल त्यांना.

आमची कंपनी हे दोन्ही एकत्र करून पूड बनवते. तीच पाठवते आहे. दोन डबे आहेत. निळ्या पट्टीचा आणि हिरव्या पट्टीचा. आधी निळा, अठ्ठावीस दिवस, सकाळ-संध्याकाळ एकेक पाकीट कोमट पाण्यात. मग हिरवा, तितकेच दिवस. निळ्याने जागा तयार होते, हिरव्याने वस्ती बसते. क्रम चुकवायचा नाही. मध्ये दही, ओट्स, कोणाच्या सांगण्यावरून आणखी कुठली पूड, काहीही द्यायचं नाही. नाहीतर कशाने काय झालं ते कळायचं नाही.

आणि एक वही ठेव. किती वेळा, कसं, काय खाल्लं, मन कसं होतं. तुझ्याइतकं बारकाईने कोणी लिहीत नाही. शाळेत माझे प्रयोगसुद्धा तूच लिहून द्यायचीस.

तुझी मुंगी

२४ फेब्रुवारी

मुंगे,

आज निळ्याचा अकरावा दिवस. वहीची पानं सोबत आहेत. पण वहीत जे मावत नाही ते इथे लिहिते.

बाबा घोटभरही न सांडता पितात. पिताना म्हणतात, "आपल्या पोरीने केलंय." आणि तरी उतार नाही. काल अकरा वेळा. वजन उतरलंय, पँट दोन्ही हातांनी धरून चालतात.

रविवारी त्यांचे जुने कंडक्टर भेटायला आले होते. दोघं मजेत बोलत होते, कुठल्याशा संपाच्या आठवणी. बोलता बोलता बाबा एकदम गप्प झाले. चेहरा पांढराफटक. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, मला कळलं. कंडक्टरकाकांनाही कळलं. त्यांनी हातातला पाण्याचा ग्लास सरळ बाबांच्या मांडीवर सांडला आणि म्हणाले, "माफ करा ड्रायव्हरसाहेब, हात थरथरतो हल्ली. भिजवलं की हो तुम्हाला सगळं! जा, बदलून या." त्यांचा हात थरथरत बिरथरत नव्हता. बाबा आत गेले ते काका जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. पँट त्यांनी स्वतःच बादलीत बुडवून ठेवली होती, वर साबण भरपूर. मी लाँड्रीतली बाई. कुठला डाग कशाचा, मला सांगावं लागत नाही. पण मी पाण्याचा डाग समजूनच धुतला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, निळा बंद करून हिरवा आत्ताच सुरू केला तर चालेल का? दोन, डॉक्टरांना दाखवू का? तू म्हणशील तसं.

तुझी ताई

२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, माझ्यासमोर माणसं होती. म्हणून तेच पुन्हा लिहिते.

क्रम मोडू नकोस. निळ्याचे अठ्ठावीस दिवस पूर्ण होऊ देत. पोट सुधारायच्या आधी असं बिघडतं कधी कधी. डॉक्टरांकडे इतक्यात धावू नकोस. ते पुन्हा अँटिबायोटिक लिहून देतील आणि आत्तापर्यंतच्या सगळ्यावर पाणी फिरेल. ताप नाही ना? रक्त नाही ना? मग धीर धर. मीठ-साखरेचं पाणी देत राहा.

वही उत्तम आहे. अशीच लिही. तारखेबरोबर वेळही घाल.

कंडक्टरकाकांचं वाचून वाईट वाटलं. बाबांना म्हणावं, थोडेच दिवस.

तुझी मुंगी

२० मार्च

मुंगे,

तू फोन करत होतीस, मी उचलत नव्हते. हॉस्पिटलात बसून हे फोनवर सांगायचं नव्हतं. आता घरी आहोत, म्हणून लिहिते.

तीन तारखेला मी कामावरून आले तर संडासाचं दार आतून बंद. हाक मारली, उत्तर नाही. शेजारच्या बाईंना बोलावून दोघींनी खांदा लावला. बाबा बेसिन आणि दाराच्या मधल्या जागेत दुमडून पडले होते. शुद्ध होती. मला पाहून आधी काय म्हणाले असतील? "शेजारणीला बाहेर जायला सांग." ओठ सुकून चिरले होते.

नऊ दिवस हॉस्पिटल. अंगातलं पाणी पार आटलं होतं, मूत्रपिंडावर ताण आला होता. मानेजवळच्या शिरेत नळी घालावी लागली. तपासणीत जिवाणू सापडला, लांबलचक नावाचा. डॉक्टर त्याला सी-डिफ म्हणतात. चांगली वस्ती उठली की हा माजतो म्हणे. म्हणजे तू लिहिलंस ते बरोबरच होतं. त्याच्यासाठी वेगळं औषध आहे, ते दिलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले. "महिनाभर घरी कसलं ठेवलंत? पंधरा दिवस आधी आणलं असतंत तर साधी गोळी पुरली असती." मी मान खाली घालून ऐकलं. तुझं नाव घेतलं नाही.

इथल्या आहारतज्ज्ञ बाई भल्या आहेत. त्यांनी काय खायचं त्याचा कागद करून दिला. तुझ्या पाकिटांबद्दलही बरंच विचारलं. ते कधीतरी सांगेन.

बाबा अशक्त आहेत, पण आज चार वेळाच. वही पुन्हा सुरू केली आहे.

तुझी ताई

२६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात जाऊन रडले. मला यायचं होतं, पण इथे वर्षातली सर्वांत मोठी बैठक आहे आणि माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही. रागावू नकोस.

निळ्याचे अठराच दिवस झाले, हरकत नाही. आता हिरवा नियमित दे. एकही पाकीट चुकवू नकोस. आणि लिही, ताई, रोज लिही. बाबा काय बोलतात तेही लिही. मला ते ऐकू आल्यासारखं वाटतं.

तुझी मुंगी

२३ एप्रिल

मुंगे,

तू मागितलेली पानं सगळी उतरवून पाठवते. त्यातलं तुला आवडेल ते आधी.

५ एप्रिल. तीनदा. आज बाबांनी स्वतः उठून खिडकी उघडली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा नंबर चष्म्याशिवाय वाचून दाखवला. चुकीचा वाचला, पण मी बरोबर म्हटलं.

११ एप्रिल. दोनदा. अर्धी वाटी जास्त मागून खाल्लं. मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले. कुरकुरले म्हणजे बरे झाले.

१६ एप्रिल. सकाळी एकदा, बांधून. आतूनच ओरडले, "धाकटीला कळव! गाडी डेपोत वेळेवर!" शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आनंदाची बातमी आहे, पण सांगण्यासारखी नाही.

पत्र लिहितानाही हसू येतंय. किती दिवसांनी हसले.

तुझी ताई

२८ मे

प्रिय ताई,

मला बढती मिळाली. आता अख्ख्या विभागाची प्रमुख. बाबांना सांग आणि पाया पडते म्हणावं. त्यांनी मला काय दिलंय याची त्यांना कल्पना नाही. पाठीला टेकण असलेली एक चांगली खुर्ची पाठवते आहे. दाराजवळची ती जुनी फेकून दे.

या महिन्यातही येणं जमत नाही. इतकी गावं फिरते आहे, डॉक्टरांसमोर बोलते आहे, की घसा बसलाय.

तुझी मुंगी

२७ जून

मुंगे,

आज बाबांना तपासणीला नेलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत बाबा वजनकाट्यावर उभे होते आणि मी खुर्चीत. टेबलावर तुमच्या कंपनीची पुस्तिका पडली होती, गुळगुळीत कागदाची, डॉक्टरांना वाटतात तसली. कौतुकाने उचलली. म्हटलं, आपल्या मुंगीचं काम.

मधल्या पानावर जाड अक्षरात छापलंय, "गाडी डेपोत वेळेवर."

आधी मला काही कळलंच नाही. वाटलं, कोणी दुसरंही असं म्हणत असेल. मग खालचं वाचलं. "७६ वर्षांचे निवृत्त बसचालक." खिडकी उघडल्याचं आहे. चष्म्याशिवाय नंबर वाचल्याचं आहे. मी तुझ्यासाठी, फक्त तुझ्यासाठी लिहिलेलं अक्षर न् अक्षर. त्याच्यावर एक आलेख. डाव्या बाजूला निळी रेघ, वर वर चढत गेलेली. तिच्याखाली बारीक अक्षरात, "पहिले अठरा दिवस : निष्क्रिय पाकीट, केवळ स्टार्च."

बाईंना विचारलं, "निष्क्रिय म्हणजे काय हो?"

"त्यात औषध नसतं," त्या म्हणाल्या. "तुलनेसाठी देतात. अर्थात घेणाऱ्याला आधी सगळं समजावून, त्याची सही घेऊन. आणि त्रास वाढला तर लगेच थांबवतात."

"नाही थांबवलं तर?"

"असं कोण करेल?" त्या म्हणाल्या आणि बाबांचं वजन लिहायला वळल्या.

स्टार्च, मुंगे! वीस वर्षं मी लोकांच्या कॉलरला स्टार्च लावते. त्याचा वास मला झोपेतही ओळखू येईल, पण तुझ्या पाकिटात तो ओळखावा असं माझ्या मनातच आलं नाही. मी बाबांना सकाळ-संध्याकाळ खळ पाजली. आणि ते "आपल्या पोरीने केलंय" म्हणून पीत होते.

मी तुला विचारलं होतं. सरळ लिहून विचारलं होतं, हिरवा देऊ का, डॉक्टरांना दाखवू का. तू काय लिहिलंस ते पत्र माझ्यासमोर आहे. "अठ्ठावीस दिवस पूर्ण होऊ देत." वेळही घाल म्हणालीस. कंडक्टरकाका ग्लास सांडत होते तेव्हा तू रेघ ओढत होतीस. परका असा वागला असता तर मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते. तू आमचा केसाने गळा कापलास.

पुस्तिका मी पिशवीत घालून आणली आहे. बाबांना दाखवलेली नाही.

ताई

२ जुलै

प्रिय ताई,

तू रागावणारच. पण एकदा ऐकून घे.

आमच्या पुडीचे आकडे डळमळीत होते. एका चाचणीत फरक दिसायचा, दुसऱ्या चाचणीत नाही. कोणाच्या पोटात हे जिवाणू टिकतात, कोणाच्या पोटातून नुसते जाऊन येतात. आणि वरचे लोक म्हणत होते, विका. मला स्वतःला बघायचं होतं, हे खरंच काम करतं का. आधी काही नसलेलं द्यायचं आणि मग खरं, एकाच माणसाला, म्हणजे फरक दिसतो. अट एकच, लिहिणारं माणूस शंभर टक्के खरं लिहिणारं हवं. असं माणूस मला जगात एकच माहीत होतं. तू.

सांगितलं असतं तर तुमच्या मनावर परिणाम झाला असता आणि मग त्याला अर्थ राहिला नसता. सही घ्यायला हवी होती, ते चुकलं. नाव मी कुठेही दिलेलं नाही.

आणि शेवटी बरे झाले ना बाबा? हिरव्यानेच झाले ना? त्या आलेखामुळे कितीतरी डॉक्टरांनी हिरवी पाकिटं लिहून द्यायला सुरुवात केली आहे. कितीतरी म्हातारी माणसं बरी होतील. हे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घाल.

तुझी मुंगी

८ जुलै

मुंगे,

घालते दुसऱ्या पारड्यात. हे घे.

तुझा हिरवा डबा माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. सीलबंद. त्यातलं एक पाकीटही बाबांच्या पोटात गेलेलं नाही.

हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ बाईंना मी डबा दाखवला होता. त्या म्हणाल्या, "हे आत्ता नको. माणूस इतका खचलेला, त्यात शिरेत नळी. जिवंत जिवाणू आहेत हे. निरोगी माणसाला सहसा काही करत नाहीत, पण अशा अंगात क्वचित रक्तात शिरतात. जोखीम कशाला घ्यायची?" मी म्हटलं, "मग वस्ती परत कशी बसायची?" त्या हसल्या. "थोडे तरी उरलेच असतील आत. त्यांना जेवू घाला. हळूहळू, चमच्याचमच्याने." मग ओट्स, पिकलेलं केळं, मऊ शिजवलेला कांदा, शिजवून गार केलेला बटाटा, महिनाभराने बीन्स. तो कागद मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आणि तसं केलं. औषधाने तो दांडगा गेला, खाण्याने बाकीचे सावरले असतील. नक्की कशाने, ते त्याही सांगू शकल्या नाहीत. पण तुझ्या हिरव्याने नाही एवढं मी सांगू शकते.

मग मी वहीत रोज "हिरवा : दिला, दिला" असं का लिहिलं? तुझा हिरमोड होईल म्हणून. तू इतक्या मायेने पाठवलेलं कपाटात ठेवलं हे तुला कळवायला जीव होईना. म्हटलं, बाबा बरे होतायत, पोरीला वाटू दे तिच्यामुळे झाले. वहीत तेवढंच एक खोटं. त्याच खोट्यावर तू आलेख उभा केलास.

आता ते पान मागे घे. कोणाच्या तरी घरी, शिरेत नळी असलेल्या माणसाला, कोणीतरी ताई ते पाकीट मिसळून देत असेल.

ताई

१२ जुलै

ताई,

तो डबा आजच्या आज टाकून दे. फोडून, पूड नाल्यात सोडून, रिकामा डबा वेगळा टाक. आणि हे तू कोणाला, त्या आहारतज्ज्ञ बाईंना तर अजिबातच, सांगू नकोस.

माझं सगळं त्या एका पानावर उभं आहे. मी पान मागे घेतलं तर बढती राहू दे, या क्षेत्रात मला कोणी दारात उभं करणार नाही. पाकिटावर इशारा घालायचं मी बघते, हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता.

लहानपणी तू माझ्यासाठी बाबांशी कितीदा खोटं बोललीस. एकदा आणखी. आणि तसंही, खोटी वही तू लिहिलीस, मी नाही. आता आपण दोघी एकाच बाकावर आहोत.

मुंगी

१७ जुलै

मुंगे,

हे पत्र मी लिहितो आहे, बाबा. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा तुझी ताई कामावर होती. नाव तिचं होतं, पण अक्षर तुझं. मी कोणाचं पत्र आजवर फोडलेलं नाही. पण तीन आठवडे ती माझ्याशी नजर चुकवून बोलते आहे. मला वाटलं, तुला काही झालंय आणि ती लपवते आहे. म्हणून फोडलं. मग तिच्या कपाटातून बाकीची पत्रं काढली आणि ती पुस्तिकाही. सगळं दोनदा वाचलं.

माझ्या पोटाची गोष्ट गावोगावच्या डॉक्टरांनी वाचली त्याची लाज वाटली. पण ती लाज मी गिळली. या वयात बरंच गिळता येतं.

मला एवढंच विचारायचं आहे. ताईने फेब्रुवारीत तुला पत्र लिहून विचारलं, बदलू का, डॉक्टरांकडे नेऊ का. तेव्हा तू नको म्हणालीस. ते लिहिताना निळ्यात काही नाही हे तुला माहीत होतं. पण माझं बिघडत चाललंय, मी आणखी खचणार, हेही तुला दिसत होतं का? की घाईत लक्ष गेलं नाही?

लक्ष गेलं नाही म्हणालीस तर मी मान्य करीन. चौतीस वर्षांत माझंही दोनदा लक्ष गेलं नव्हतं आणि दोन्ही वेळा लोकांनी मला माफ केलं. पण खरं असेल तेच लिही. स्पष्टीकरण नको. हो किंवा नाही.

ताईला मी हे पत्र दाखवलेलं नाही. उत्तर माझ्या नावाने टाक.

बाबा

२२ जुलै

बाबा,

हो.

दिसत होतं. ताईची पानं आली तशी मी आकड्यांत मांडली होती. अकराव्या दिवसापर्यंतची रेघ कुठे चाललीय ते मला तुमच्या डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं. तुम्हाला सी-डिफ असेल हेही मनात आलं होतं. ताईचं पत्र टेबलावर ठेवून मी दिवस मोजले. चौदा दिवस उरले होते. मला ते चौदा दिवस हवे होते. मग मी "धीर धर" असं लिहिलं.

तुम्ही लक्ष गेलं नाही म्हणायची जागा ठेवली होतीत. चार वेळा तसं लिहून कागद फाडला.

काल मी आमच्या संचालकांकडे गेले. निळ्याचं, हिरव्याचं, सहीचं, सगळं लिहून दिलं. पुस्तिका परत मागवायला सुरुवात झाली आहे. अशक्त आणि शिरेत नळी असलेल्या रुग्णांना पाकीट देऊ नये, असं पत्र डॉक्टरांना आज गेलं. मला कामावरून थांबवलंय. चौकशी होईल. ताईने वहीत काय लिहिलं ते मी सांगितलं, पण का लिहिलं तेही सांगितलं.

तिला मी जे शेवटचं लिहिलं ते तुम्ही वाचलंत.

मी येऊ का, बाबा? तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही.

मुंगी

३ ऑगस्ट

मुंगे,

बाबांनी तुझं पत्र मला वाचायला दिलं.

त्यांना ते मिळालं त्या दिवशी त्यांनी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि कोणाचा हात न धरता जिना उतरून खाली गेले. मी गॅलरीतून बघत होते. फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. वर आल्यावर धाप लागली होती. पाणी प्यायले आणि म्हणाले, "नाही म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. तरी हो म्हणाली. तिला ये म्हणावं."

मी विचारलं, "माफ केलंत?"

"माफीचं मला माहीत नाही," म्हणाले. "भेटायचं आहे."

म्हणून हे लिहिते आहे. तू रविवारी ये. दहा वाजता त्यांना भूक लागते. केळं आणि ओट्स काढून ठेवीन. दुपारी बीन्स द्यायच्या, पण मूठभरच, जास्त मागितल्या तरी नाही. औषधाची डबी फ्रिजवर आहे. चालायला नेलंस तर जिन्यात त्यांच्या पुढे राहा, मागे नको.

मी घरी नसेन. रविवारी लाँड्री बंद असते, पण मालकीणबाईंकडून मी त्या दिवशीचं काम मागून घेतलं आहे. पडद्यांचा एक मोठा ढीग पडून आहे. किल्ली शेजारच्या बाईंकडे ठेवते. त्यांना फक्त "धाकटी" एवढंच सांग, त्या जास्त विचारणार नाहीत.

तू माझ्यासाठी काही आणू नकोस, आणि चिठ्ठीही लिहून ठेवू नकोस. बाबांचं मन मोठं आहे, माझं नाही. त्यांचा फक्त जीव जाणार होता. मला तू तो माझ्याच हातांनी घ्यायला लावत होतीस.

मी सात वाजता परत येते. त्याच्या आत निघ.

ताई